आधी घरचं, मग छापील

समजा, अचलपूर-परतवाड्यातल्या एखाद्या पोराने 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा मेजावरचा भूमिका-खेळ खेळण्यासाठी 'किल्लेदार' नावाचा नवा क्लास रचला. नियम तोंडपाठ असलेला कुणीतरी लगेच म्हणणार, "हे पुस्तकात कुठी हाये बे?" त्याने आधी त्या पुस्तकाचं कूळ तपासावं.

क्लास म्हणजे खेळातल्या पात्राचा पेशा. 1974 साली हा खेळ छापून आला तेव्हा पेशे तीनच होते: लढवय्या, जादूगार आणि क्लेरिक. त्यातला क्लेरिक तर सरळ गरजेपोटी जन्मला. मिनेसोटात या खेळाचा सहनिर्माता डेव्ह आर्नेसनच्या 'ब्लॅकमूर' खेळात एका खेळाडूचं पात्र व्हॅम्पायर झालं, 'सर फँग'. तो कुणालाच आवरेना. मग त्याच मेजावर माइक कारसाठी व्हॅम्पायरची शिकार करणारा धर्मगुरू घडवला गेला. एका उपद्व्यापी मित्राचा बंदोबस्त करायला काढलेली युक्ती आज पन्नास वर्षांनीही नियमपुस्तकात ठाण मांडून आहे!

चोर कॅलिफोर्नियातून आला. सांता मोनिकाच्या एका छंदसाहित्याच्या दुकानात खेळणाऱ्यांची ही कल्पना खेळाचा दुसरा निर्माता गॅरी गायगॅक्सच्या कानावर गेली. त्याने आपल्या पद्धतीने नियम लिहिले आणि 1975 च्या 'ग्रेहॉक' पुरवणीत चोर अधिकृत झाला. जो फिशरचा रेंजर त्याच वर्षी 'स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू' या पत्रिकेत आला, डग श्वेगमनचा बार्ड 1976 मध्ये. ड्रूइडमागे डेनिस सस्टेअर होता. 1978 च्या 'प्लेअर्स हँडबुक'मध्ये ही सगळी मंडळी पानावर बसली. म्हणजे छापील क्लासांपैकी बरेचसे मुळात घरगुतीच.

चोराची गोष्ट मात्र सावध करणारी आहे. तो येण्याआधी भिंतीवर चढणं, सापळा हुडकणं हे कुणीही करून बघायचं. चोराला त्या कामांत यश मिळण्याचे ठरावीक टक्के मिळाले आणि बाकीचे हात बांधून बसले. नव्या क्लासची खरी परीक्षा इथे आहे, असं मला वाटतं. त्याला काय येतं हे सगळेच मोजतात. त्याच्यामुळे इतरांचं काय गेलं हे फारसं कुणी बघत नाही.

आपला किल्लेदार या कसोटीवर घासायला गाविलगड आयताच जवळ आहे. 1803 च्या डिसेंबरात आडगावच्या लढाईतल्या जखमींसाठी अचलपुरात इस्पितळ थाटून इंग्रज सेनापती वेलस्लीची फौज गडाकडे वळली. 15 डिसेंबरला बाहेरचा कोट पडला, पण आतल्या किल्ल्याचा दरवाजा हटेना. शेवटी कॅप्टन कॅम्पबेलची तुकडी शिड्या लावून तट चढली आणि दरवाजा आतून उघडला गेला. भोसल्यांचा किल्लेदार बेनीसिंग त्या दिवशी लढता लढता पडला.

हाच प्रसंग मेजावर मांडा. दरवाज्यात किल्लेदाराला दुप्पट बळ दिलंत, तर तिथे त्याच्यापुढे लढवय्याला कामच उरणार नाही. आणि कॅम्पबेलसारखा कुणी शिडी लावून तट चढला, की किल्लेदार नुसता बघत राहणार. दोन्ही दोष एका बैठकीत उघडे पडतात. त्यात पहिल्या पातळीचं पात्र एकदा खेळवा, दहाव्या पातळीचं एकदा. पहिल्या पातळीला बेताची वाटणारी ताकद पुढे बेफाम होते.

तेव्हा किल्लेदार लिहिणाऱ्याला एवढंच सांगणं: पुस्तकात नाही म्हणून थांबू नका, पण पुढच्याच बैठकीत त्याला गडाखाली उतरवून मेळघाटच्या रानात सोडा. तिथेही तो चौघांच्या कामी आला, तरच नियम वहीत पक्के करा.