कस्टम गनस्मिथने बंदुकीचं काम बिघडवलं, तर अमेरिकेत ग्राहक काय करू शकतो?

अमेरिकेत दुकानातून घेतलेली रायफल तशीच न वापरता ती आपल्या पसंतीने बनवून घेणारे बरेच शौकीन आहेत. नवी नळी बसवायची, चाप हलका करायचा, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता घडवून घ्यायचा, अशी कामं करणारा कारागीर म्हणजे कस्टम गनस्मिथ. बिल हजारो डॉलर्सचं होऊ शकतं, अनेकदा आगाऊ रक्कम द्यावी लागते आणि नावाजलेल्या कारागिराकडे वर्ष-दोन वर्षं थांबावंही लागतं. आपल्याकडचा शिंपी "परवा या" म्हणतो ना, तसंच. फक्त इथला परवा कधी वर्षभराने उगवतो.

आणि एवढं थांबून काम बिघडलेलं निघालं तर?

आधी लायसन्सबद्दलचा गैरसमज दूर करू. बंदूक दुरुस्तीचा व्यवसाय करायला तिथे केंद्र सरकारचं लायसन्स लागतं आणि ते एटीएफ ही यंत्रणा देते. पण ते देताना कारागिराचा हात किती कसलेला आहे, याची परीक्षा होत नाही. कोलोरॅडोतल्या ट्रिनिडॅड स्टेट कॉलेजसारख्या ठिकाणी गनस्मिथिंग शिकवतात, पण शिकूनच यायला हवं अशी केंद्राची अट नाही. त्यामुळे "लायसन्स आहे" याचा अर्थ "काम चांगलं आहे" असा होत नाही.

काही चुका फक्त डोळ्यांना खुपतात. जास्त पॉलिश केल्यामुळे पुसट झालेली नक्षी, गोल झालेल्या कडा, वाकडी पडलेली स्कोपची भोकं. काही चुका मात्र जिवावर बेतू शकतात. बोल्टचं तोंड आणि चेंबरमध्ये काडतूस जिथे अडतं ती जागा, यांतल्या अंतराला हेडस्पेस म्हणतात. ते प्रमाणाबाहेर वाढलं तर बार उडताना काडतुसाचं कवच फाटू शकतं आणि तापलेला वायू मागे, नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येऊ शकतो. हे तपासायला गेज मिळतात. 'गो' गेजवर बोल्ट बंद झाला पाहिजे, 'नो-गो' गेजवर होता कामा नये. चाप गरजेपेक्षा हलका झाला असेल, तर बोल्ट जोरात बंद करताच बार उडण्याची भीती असते.

म्हणून शंका आली की गोळी झाडून बघायची नाही. फोटो काढा आणि दुसऱ्या गनस्मिथकडून फक्त तपासणी करून लेखी अहवाल घ्या. त्याला लगेच दुरुस्त करायला सांगितलंत, तर पहिल्याने काय बिघडवलं होतं याचा पुरावाच निघून जाईल. मग पहिल्या कारागिराला ईमेलने कळवा: काय ठरलं होतं, काय मिळालं, किती दिवसांत काय हवं. फोनवर कितीही गोड बोलणं झालं, तरी नंतर ते दाखवता येत नाही.

पैशांची गोष्ट इथे खरी अडते. क्रेडिट कार्डाने पैसे दिले असतील तर फेअर क्रेडिट बिलिंग अ‍ॅक्टचा आधार आहे. ठरल्याप्रमाणे माल मिळाला नाही, तर ते पैसे ज्या स्टेटमेंटवर पहिल्यांदा आले, ते पाठवल्यापासून 60 दिवसांत बँकेला लेखी कळवावं लागतं. आता विचार करा: काम दोन वर्षांचं आणि मुदत 60 दिवसांची! कार्ड कंपन्यांचे स्वतःचे नियम कधीकधी जास्त मुदत देतात, म्हणून बँकेला विचारणं सोडू नये. कामाच्या दर्जाबद्दल तक्रार असेल, तर कायद्याची आणखी अट आहे. व्यवहार 50 डॉलर्सपेक्षा जास्त आणि आपल्याच राज्यात किंवा घरापासून 100 मैलांच्या आत झालेला हवा. कस्टम गनस्मिथ बऱ्याचदा दूरच्या राज्यात असतो, तिथे हे कलम अडखळतं. तात्पर्य, मोठी आगाऊ रक्कम एकदम देण्यापेक्षा टप्प्याटप्प्याने देण्याचं लेखी ठरवून घेणं केव्हाही बरं.

बंदूकच परत मिळत नसेल तर? मजुरी थकली असेल तर वस्तू अडवून ठेवायचा हक्क अनेक राज्यांत कारागिराला असतो. अशा वेळी "वाद कायम ठेवून पैसे देत आहे" असं लिहून पैसे देणं आणि आधी बंदूक ताब्यात घेणं, हा शहाणपणाचा मार्ग ठरू शकतो. दुरुस्त झालेली बंदूक गनस्मिथ थेट मालकाला परत देऊ शकतो, त्यासाठी नव्या खरेदीसारखा फॉर्म भरावा लागत नाही. ती हरवली किंवा चोरीला गेली असेल, तर समजल्यापासून 48 तासांत एटीएफला आणि स्थानिक पोलिसांना कळवणं त्याला बंधनकारक आहे. वाईट कामाचे पैसे मात्र एटीएफ मिळवून देत नाही.

त्यासाठी राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलकडे तक्रार किंवा स्मॉल क्लेम्स कोर्ट. टेक्सासमध्ये तिथे 20,000 डॉलर्सपर्यंत, तर कॅलिफोर्नियात व्यक्तीला 12,500 डॉलर्सपर्यंत दावा करता येतो. सहसा जिथे गनस्मिथ आहे तिथे जाऊन लढावं लागतं, हा खर्च आधी धरावा.

भारतात खासगी बंदुकाच मोजक्या लोकांकडे असल्याने असे वाद क्वचित होतात. इथे दुरुस्ती करणाऱ्यालाही 1959च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. काम बिघडलं तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार दोन वर्षांत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. 5 लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे 1915.