न लिहिलेला करार आणि अखेरची तबकडी

चार स्नेह्यांनी उभारलेली संस्था मोडते, तेव्हा कागद शोधण्याची धावपळ होते व कागद सापडत नाही, हा वकिलीच्या व्यवसायातील नित्याचा अनुभव होय. एका पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या इतिहासात हाच प्रकार घडला. आणि तोही त्यांची कला ऐन भरात असताना.

इंग्लंडमधील मँचेस्टर शहरी १९८२ साली ‘द स्मिथ्स’ हा बँड स्थापन झाला. मॉरिसीने गीते रचावी व गावी, जॉनी मारने चाली बांधून गिटार वाजवावी, अँडी रूर्कने बेस गिटार व माइक जॉयसने ड्रम सांभाळावे, अशी कामाची वाटणी होती. ‘रफ ट्रेड’ या लहानशा स्वतंत्र कंपनीने त्यांच्या तबकड्या काढल्या. अशा स्वतंत्र कंपन्यांच्या आश्रयाने वाढलेल्या रॉक संगीतासच ‘इंडी’ हे नाव पडले.

१९८७ च्या वसंत ऋतूत बाथ शहरानजीकच्या बेकिंग्टन गावी त्यांनी आपली चौथी व अखेरची तबकडी ध्वनिमुद्रित केली. ‘स्ट्रेंजवेज, हिअर वुई कम’ हे तिचे नाव; पैकी स्ट्रेंजवेज म्हणजे मँचेस्टरचा तुरुंग. गिटारीसाठी नावाजलेल्या मारने पहिल्याच गीतात गिटार मुळीच वाजविली नाही. नवा मार्ग शोधण्याची त्याची तळमळ येथे स्पष्ट दिसते. ही आपली सर्वोत्तम तबकडी, असे मॉरिसी व मार या दोघांनीही पुढे सांगितले.

मग बिघडले कोठे? बँडला कायमचा व्यवस्थापक नव्हता; कारभाराचा बोजा तेवीस वर्षांच्या मारवर पडला. थकून तो उन्हाळ्यात बाहेर पडला. सप्टेंबरात तबकडी प्रसिद्ध होऊन ब्रिटनच्या विक्रीयादीत दुसऱ्या क्रमांकावर पोहोचली, तेव्हा ती काढणारा बँड उरलाच नव्हता.

पुढे हिशेब निघाला. वादनाच्या उत्पन्नातून मॉरिसी व मार यांस प्रत्येकी ४० टक्के, तर इतर दोघांस १०-१० टक्के मिळत. रूर्कने तडजोड पत्करली. जॉयस न्यायालयात गेला. त्याची मागणी गीतरचनेच्या मानधनावर नव्हती, चौघांच्या वादनातून आलेल्या उत्पन्नावर होती. इंग्लंडचा १८९० चा भागीदारी कायदा सांगतो की, वेगळा करार नसल्यास भागीदारांचे हिस्से समान. असमान वाटणीस जॉयसने संमती दिल्याचे सिद्ध झाले नाही. १९९६ साली उच्च न्यायालयाने त्यास चौथा हिस्सा दिला. मॉरिसीचे अपील १९९८ साली फेटाळले गेले.

आपल्या १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्याच्या कलम १३ मध्येही हेच तत्त्व आहे. कीर्तनकाराच्या मागे उभा राहणारा मृदंगी केवळ बिदागीचा धनी, की मंडळीचा भागीदार, हा प्रश्न आपल्याकडेही स्नेह असेतोवर कोणी विचारीत नाही. विचारणे म्हणजे अविश्वास, अशी आपली समजूत. वस्तुतः तो स्नेहाच्या दिवसांतच विचारावा व उत्तर लिहून ठेवावे. न्यायालयाने जॉयसला त्याचा चौथा हिस्सा मिळवून दिला. पण चौघांना एकत्र बसवून पाचवी तबकडी करविणे न्यायालयाच्या हाती नव्हते, आणि ती कधी झालीही नाही.