खडखड नेमकी केव्हा होते?
इंजिनाच्या खडखडाटाचं निदान पूर्वी कानावर चाले: टॅपेट वाजतात, फीलर गेज घालून फट जुळवा. 1980 मध्ये अल्फा रोमिओने स्पायडरमध्ये झडपांची वेळ बदलणारी यंत्रणा आणली, 1992 मध्ये बीएमडब्ल्यूने व्हॅनोस. आणि ऑइल निव्वळ वंगण न राहता कॅमशाफ्टचा कोन बदलणारं बळ झालं. निदानाचा खरा पालट इथेच झाला, असं मला वाटतं. आवाज कसा, यापेक्षा केव्हा, हे महत्त्वाचं ठरलं. पुढे हा कोन बदलायला पात्यांचा फेजर आला; त्यातलं ऑइल गाडी रात्रभर उभी राहिली की उतरतं. फेजरला जागी धरणारी लॉक पिन झिजलेली असेल, तर इंजिन सुरू होताच क्षणभर खडखड होते नि दाब चढला की थांबते. गरम इंजिन आयडलला वाजत राहिलं, तर मात्र संशय ऑइलच्या दाबावर.

कोणी म्हणेल, स्कॅनर असताना कान कशाला? पण क्षणभराच्या खडखडीचा कोड अनेकदा नोंदलाच जात नाही. शिवाय सैल टायमिंग चेनही जवळपास तशीच वाजते. तेव्हा आधी ऑइलची पातळी, ग्रेड आणि दाब तपासा. महागड्या फेजरला हात त्यानंतर घाला.