कावळा आणि फांदी

लेखनवर्गात मी मुलांना रोजच्या बोलण्यातले पक्षी टिपायला सांगते. परवा एकीने वहीत लिहून आणलं : 'कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ.' या म्हणीचं संस्कृत भावंड म्हणजे 'काकतालीय न्याय'. काक म्हणजे कावळा, ताल म्हणजे ताड, त्याला 'ईय' प्रत्यय. कावळा आला आणि नेमकं तेव्हाच ताडाचं फळ पडलं, एवढीच गोष्ट. पण ताडाला फांद्या कुठे असतात? मराठीने फळाची फांदी केली आणि कावळ्याला परसातल्या झाडावर आणून बसवलं. अर्थ तोच राहिला : दोन गोष्टी एकदम घडल्या, म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं नव्हे. मांजर आडवं गेल्यावर बस चुकली, तर आधी ही फांदी आठवा.