रुळांची रुंदी आणि संगणकाची व्यासपीठे

जबलपूरच्या स्थानकाला दोनदा जन्म मिळाला, असे म्हणता येईल. १८६७ साली अलाहाबादकडून ईस्ट इंडियन रेल्वे येथवर आली, आणि १८७० साली मुंबईकडून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे येऊन तिला मिळाली. दोन कंपन्या वेगळ्या, भागधारक वेगळे, इंजिने वेगळी. तरीही मुंबई ते कलकत्ता हा लोहमार्ग येथे विनासायास सांधला गेला. कारण एकच. दोहोंच्या रुळांमधील अंतर साडेपाच फूट होते.

हे अंतर आपोआप ठरलेले नव्हते. ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांना इंग्लंडातील रूढ चार फूट साडेआठ इंच हवे होते, डलहौसीला सहा फूट. अखेर साडेपाच फुटांवर तडजोड झाली. पुढे १८७० सालीच लॉर्ड मेयोच्या सरकारने काटकसर म्हणून मीटरगेज स्वीकारले. विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदियाहून जबलपूरला जी सातपुड्याची गाडी आली ती तर अवघ्या अडीच फुटांची. तिला येथील लोक ‘छोटी लाईन’ म्हणत. तिचा माल मुंबईला जायचा असेल तर हमालांनी डबा रिकामा करून दुसऱ्यात भरावा लागे. त्या काळी छोट्या लाईनीने भांडवल वाचवले खरे, परंतु त्या बचतीची किंमत पुढील शंभर वर्षे हमालांच्या पाठीवरून वसूल होत राहिली.

वाचकहो, प्रशासनावरील लेखात रुळांची कथा कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. मला सांगायचे आहे ते संगणकांविषयी, आणि माझ्या एका चुकीविषयी.

२००२ साली मी एका केंद्रीय कार्यालयात कनिष्ठ अधिकारी होतो. भविष्य निर्वाह निधीची खाती संगणकावर न्यायची होती. त्यासाठी नेमलेल्या समितीचा मी सदस्य सचिव. अर्थशास्त्रात एम.ए. केलेल्या माणसाला संगणकाचे जेवढे कळावे तेवढेच मला कळत होते, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. समितीपुढे दोन तरुण तंत्रज्ञ आले. एकाचा आग्रह विंडोज सर्व्हर आणि त्यावरील एएसपीचा. दुसऱ्याचा लिनक्स, अपाची आणि पीएचपीचा. दोघेही विद्वान, दोघेही निष्ठावान. मध्येच एका ज्येष्ठाने कोबोल अजून मेलेली नाही असे बजावले आणि वादात तिसरा पक्ष उभा राहिला. तीन बैठका झाल्या. प्रत्येकाच्या हाती आकडे होते आणि प्रत्येकाचा मुख्य युक्तिवाद एकच होता : ‘जग आमच्या बाजूला चालले आहे.’

त्या आकड्यांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. नेटक्राफ्ट ही ब्रिटिश संस्था १९९५पासून जगातील संकेतस्थळे कोणत्या सर्व्हरवर चालतात याची गणना करीत आली आहे. १९९६ साली त्या गणनेत अपाची पहिल्या क्रमांकावर आला आणि पुढे दीर्घकाळ तेथेच राहिला. २००१पासून टिओबे हा प्रोग्रामिंगच्या भाषांचा निर्देशांक निघू लागला. हे आकडे तंत्रज्ञ मंडळी क्रिकेटच्या धावफलकासारखे वाचीत. परंतु २००६ साली एक बोधप्रद घटना घडली. गोडॅडी या नोंदणी कंपनीने आपल्याकडील लक्षावधी ‘पडीक’ संकेतनामे, म्हणजे ज्यांवर मजकूर असा काही नव्हताच अशी, लिनक्सवरून विंडोजवर हलवली. एका कंपनीच्या एका निर्णयाने जागतिक लोकप्रियतेची टक्केवारी ठळकपणे सरकली! एकाही नव्या वाचकाने, एकाही नव्या लेखकाने पसंती बदललेली नव्हती. शासकीय योजनांच्या प्रगतीचे तक्ते ज्याने वाचले आहेत त्याला यात नवल वाटणार नाही. काय मोजले हे न विचारता किती भरले हे पाहण्याची सवय आपल्याकडेही जुनीच आहे.

अर्थात लोकप्रियता हा निव्वळ भ्रम नव्हे. पॉल डेव्हिड या अर्थशास्त्रज्ञाने १९८५ साली टंकलेखन यंत्रावरील अक्षरांच्या मांडणीविषयी एक छोटा निबंध लिहिला. अनेकांनी एक मांडणी शिकली की यंत्रे तीच बनतात, आणि यंत्रे तीच म्हणून नवे लोक तीच शिकतात. मग ती सर्वोत्तम आहे की नाही हा प्रश्नच मागे पडतो. ब्रायन आर्थर यांनी हाच विचार पुढे नेला. जे तंत्र बहुतेकांना येते त्यासाठी माणसे मिळतात, पुस्तके मिळतात, चुकीची उत्तरे शेजारच्या टेबलावरही सापडतात. ही खरी किंमत आहे आणि खरेदी समितीने ती धरलीच पाहिजे.

पण ती एकमेव किंमत नाही. रेल्वेचेच उदाहरण पुन्हा घेऊ. आयबीएम कंपनी १९७८ साली भारतातून गेली. त्यानंतर तिची यंत्रे सांभाळण्याचे काम सीएमसी या सरकारी कंपनीकडे आले. त्याच सीएमसीने १९८५ साली दिल्लीत संगणकीय आरक्षण सुरू करून दिले. पुढे ‘क्रिस’ या रेल्वेच्या स्वतःच्या संस्थेने ‘कॉन्सर्ट’ ही प्रणाली घडवली. १९९४ साली ती सिकंदराबादला सुरू झाली आणि १९९९ साली पाचही आरक्षण केंद्रे परस्परांशी जोडली गेली. फोरट्रान आणि सी या भाषांत लिहिलेली ही प्रणाली व्हीएमएस या व्यासपीठावर चालली. तरुणांच्या वादात ज्याचे नाव कोणी घेत नसे, असे ते व्यासपीठ. त्याची जन्मदाती डिजिटल कंपनी १९९८ साली कॉम्पॅकने घेतली आणि २००२ साली कॉम्पॅक एचपीत विलीन झाली. तिकिटे मात्र निघतच राहिली. २०१० साली ही व्यवस्था नव्या सर्व्हरवर आली, व्यासपीठ तेच राहिले. ते बदलण्याचे काम रेल्वेने २०२५ साली जाहीर केले. लोकप्रियतेच्या कोणत्याही तक्त्यात न बसणारी प्रणाली टिकली, कारण तिचा अंतर्भाग रेल्वेच्या स्वतःच्या माणसांना ठाऊक होता.

आता माझी चूक. तिसऱ्या बैठकीच्या शेवटी आमचे अधीक्षक उठले. निवृत्तीला दोन वर्षे उरलेले, जबलपूरच्या जुन्या मराठी वस्तीतले. सगळे त्यांना नाना म्हणत. ते म्हणाले, “साहेब, दोघेही पोरे हुशार आहेत. पण उद्या यांपैकी कुणीच उरले नाही, तर आमच्या खात्यांचे आकडे बाहेर काढायचे कसे?” समितीत हशा पिकला. मी इतिवृत्तात त्यांचे वाक्य घेतले नाही. कोणत्या पक्षाचा विजय झाला ते मी मुद्दामच सांगत नाही, कारण पुढे जे घडले त्यात व्यासपीठाचा दोष नव्हता. इतकेच नव्हे, २००५ साली कागदाची बचत म्हणून छापील वार्षिक गोषवारे बंद करण्याची टिप्पणीही मीच लिहिली. तिची प्रशंसा झाली.

२०१३ साली बदली होऊन मी त्याच कार्यालयात परत आलो. प्रणाली पुरवणारी संस्था तोवर बंद पडली होती. आकडे यंत्रात सुखरूप होते, परंतु ते तिच्याच प्रोग्रामला उघडता येत. २००५पूर्वीची खाती नानांनी बांधून ठेवलेल्या गोषवाऱ्यांवरून पुन्हा टंकली गेली. त्यानंतरच्या वर्षांसाठी वेतनपत्रके शोधून एकेक हप्ता जुळवावा लागला. एका दिवंगत कर्मचाऱ्याची पत्नी नैनपूरहून छोट्या लाईनीने येई. अंतिम रकमेसाठी तिने सात महिने खेपा घातल्या. प्रत्येक वेळी मी तिला खुर्ची दिली, चहा दिला आणि पुढची तारीख दिली. लिनक्स की विंडोज हा प्रश्न त्या बाईपुढे उच्चारण्याचे धैर्य मला कधीच झाले नाही.

परगावी, परदेशी राहणाऱ्या वाचकांना हा अनुभव वेगळ्या रूपात आलेला असेल. मराठी वृत्तपत्र महाजालावर वाचायचे तर प्रत्येकाचा निराळा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे, आणि तो नसेल तर पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग दिसे. युनिकोड रुळला तेव्हा ही हमाली संपली. त्याआधी साठवलेली कितीतरी पत्रे, कविता आणि याद्या मात्र आज उघडत नाहीत. मोडी लिपीचेही असेच झाले. कागद शाबूत असून वाचणारे उरले नाहीत. फरक एवढाच की मोडीला परके व्हायला पिढ्या लागल्या. आमच्या प्रणालीला अकरा वर्षे पुरली.

शासनाने यातून काही शिकले आहे. २०१० साली खुल्या मानकांचे आणि २०१५ साली मुक्त स्रोत प्रणालींचे धोरण आले. देशभरच्या जिल्हा न्यायालयांत चालणारी खटल्यांची नोंदप्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुणे शाखेने मुक्त स्रोतांवर घडवली. तिची रचना मला विशेष आवडते : गाभा सर्वत्र एकच, आणि परिघावरील भाग प्रत्येक उच्च न्यायालयाने आपल्या गरजेप्रमाणे करावा. जबलपूरचे उच्च न्यायालयही त्याला अपवाद नाही. साडेपाच फुटांचे रूळ सर्वांचे, डबे ज्याचे त्याचे, असाच हा प्रकार.

छोटी लाईन २०१५ साली जबलपूरहून बंद झाली आणि पुढे तेथे ब्रॉडगेज आली. व्यासपीठे येतील आणि जातील. तरुणांनी त्यांवर वाद घालावा, त्यातून ते शिकतात. परंतु निर्णयाच्या टिप्पणीवर सही करणाऱ्या अधिकाऱ्याने एक ओळ अवश्य लिहावी : हे सर्व बंद पडल्यास नोंदी कोण, कशा आणि किती दिवसांत बाहेर काढील. आता माझ्यापुढे येणाऱ्या प्रत्येक खरेदी प्रस्तावावर मी हा प्रश्न लिहितो. समितीतील कनिष्ठ मंडळी त्याला ‘नानांचा प्रश्न’ म्हणतात. नाना कोण, हे त्यांतील कुणालाच ठाऊक नाही.