थिबा राजाची समाधी : शतकानंतरही परक्या भूमीत

मिरकरवाडा (रत्नागिरी) : मिरकरवाड्याचे बंदर, भगवती किल्ला आणि थिबा राजवाडा पाहून परतणाऱ्या पर्यटकांपैकी फारच थोड्यांची पावले शहरातील शिवाजीनगर भागाकडे वळतात. तेथे ख्रिस्ती दफनभूमीलगत, भिंतीने वेढलेल्या लहानशा जागेत ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा आणि त्याची धाकटी राणी सुपायागले यांच्या समाध्या आहेत. राजवाड्याला जी प्रसिद्धी लाभली, ती या समाध्यांच्या वाट्याला आली नाही. वस्तुतः राजाच्या हद्दपारीची कहाणी राजवाड्यापेक्षा त्याच अधिक स्पष्टपणे सांगतात.

कोनबाँग घराण्यातील थिबाने नोव्हेंबर १८८५ मध्ये मंडाले येथे इंग्रजांपुढे शरणागती पत्करली. प्रथम मद्रास आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरी, असा त्याचा प्रवास झाला. सोबत पट्टराणी सुपायालत, तिची धाकटी बहीण व राजाचीच राणी असलेली सुपायागले आणि लहान राजकन्या होत्या. आज दिसणारा राजवाडा १९१० मध्ये पूर्ण झाला; म्हणजे तीस वर्षांच्या रत्नागिरीतील वास्तव्यापैकी जेमतेम सहा वर्षेच राजाला त्यात राहता आले.

सुपायागले १९१२ मध्ये निवर्तली. डिसेंबर १९१६ मध्ये थिबाचेही निधन झाले. थिबाचे वडील राजा मिंडॉन यांची समाधी मंडालेच्या राजवाड्याच्या आवारात आहे. राजा व राणीचे पार्थिव मायदेशी नेऊ द्यावे, असा सुपायालतचा आग्रह होता. राजाचे शव ब्रह्मदेशात पोहोचल्यास त्याभोवती लोकभावना एकवटेल, ही इंग्रजांची धास्ती. सरकार परवानगी देईना आणि राणी मागे हटेना! परिणामी दोन्ही शवपेट्या कायमच्या दफनाविना राहिल्या. राणीची तर सुमारे सात वर्षे. अखेर १९१९ मध्ये सरकारने त्यांचे दफन रत्नागिरीतच उरकले. त्यानंतर त्याच वर्षी सुपायालतला मायदेशी परतण्याची मुभा मिळाली. १९२५ मध्ये तिचे रंगून येथे निधन झाले आणि श्वेडगॉन पॅगोड्यानजीक तिची समाधी बांधण्यात आली. पतीची समाधी अरबी समुद्राकाठी, पत्नीची रंगूनमध्ये! थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीस आली व १९४७ मध्ये येथेच वारली.

या घटनेला एक विलक्षण जोड आहे. शेवटचा मोगल बादशहा बहादूरशहा जफर याला इंग्रजांनी १८५८ मध्ये रंगूनला धाडले. तेथेच तो ७ नोव्हेंबर १८६२ रोजी मरण पावला. त्याची कबर तर कोणास सापडू नये अशा बेताने जमिनीशी सपाट करण्यात आली होती. तिचा शोध १९९१ मधील खोदकामात लागला. दिल्लीचा बादशहा रंगूनमध्ये आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत, असा हा हिशेब आजतागायत तसाच आहे.

म्यानमारचे तत्कालीन अध्यक्ष थेन सेन यांनी डिसेंबर २०१२ मध्ये रत्नागिरीस येऊन समाधीचे दर्शन घेतले. राजाच्या निधनाला शंभर वर्षे झाली तेव्हा, डिसेंबर २०१६ मध्ये, त्या देशाचे उपाध्यक्ष, लष्करप्रमुख आणि राजघराण्याचे वंशज येथे एकत्र जमले होते. बौद्ध भिक्खूंच्या उपस्थितीत धार्मिक विधी पार पडले. पार्थिवाचे अवशेष मात्र शिवाजीनगरातच आहेत.