बॉट्युलिनम जंतुविष : संशोधनाचा इतिहास

बॉट्युलिनम जंतुविष : क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम व त्याच्या जवळच्या काही सूक्ष्मजंतूंनी निर्माण केलेले, तंत्रिकांवर (मज्जातंतूंवर) क्रिया करणारे प्रथिनरूप विष. ज्ञात विषांमध्ये ते सर्वांत प्रभावी मानले जाते. ह्या विषामुळे होणाऱ्या विकारास बॉट्युलिझम म्हणतात. बॉट्युलस ह्या लॅटिन शब्दाचा अर्थ सॉसेज, म्हणजे आतड्याच्या पिशवीत बारीक केलेले मांस भरून तयार केलेला पदार्थ, असा आहे. जर्मनीत सॉसेज खाल्ल्याने ओढवलेल्या मृत्यूंपासून ह्या विषाच्या अभ्यासास प्रारंभ झाला. आज तेच विष अत्यल्प मात्रेत औषध म्हणून वापरले जाते. ह्या दोन्ही गोष्टींच्या मुळाशी त्याचा एकच गुणधर्म आहे. ते तंत्रिकेकडून स्नायूकडे जाणारा संदेश तेवढा थांबवते. स्नायूचा वा मेंदूचा नाश करीत नाही. ही क्रिया रेणूंच्या पातळीवर उलगडण्यास मात्र पावणेदोनशे वर्षांच्या आसपास कालावधी लागला.

लक्षणे : दूषित अन्न खाल्ल्यानंतर बहुधा १२ ते ३६ तासांत एका वस्तूच्या दोन प्रतिमा दिसणे, पापण्या गळणे, तोंड कोरडे पडणे, बोलण्यास व गिळण्यास त्रास होणे ही लक्षणे दिसू लागतात. पक्षाघात डोक्याकडून खाली पसरत जातो. ताप सहसा नसतो व रुग्णाची शुद्ध कायम असते. श्वसनाचे स्नायू निकामी झाल्यास मृत्यू ओढवतो.

केर्नर यांचे कार्य : १७९३ मध्ये जर्मनीतील व्हिल्टबाट येथे सॉसेज खाल्ल्यामुळे १३ जण आजारी पडले व त्यांपैकी ६ जण दगावले. त्यानंतरच्या काळात व्हर्टेंबेर्क राज्यात अशी प्रकरणे वाढत गेली. युस्टिनुस केर्नर (१७८६–१८६२) हे तेथील वैद्य व कवी होते. त्यांनी १८२० मध्ये ७६ व १८२२ मध्ये १५५ रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. प्राण्यांवर व स्वतःवरही त्यांनी सॉसेजच्या अर्काचे प्रयोग केले. विष मेदाम्लांपासून तयार होते, हा त्यांचा तर्क पुढे चुकीचा ठरला. परंतु हे विष हवेचा संपर्क नसलेल्या मांसात तयार होते, अत्यल्प मात्रेतही मारक असते आणि स्नायू व स्रावक ग्रंथी यांच्याकडे जाणाऱ्या तंत्रिकांचे संवहन थांबवते, ही त्यांची तीनही अनुमाने खरी ठरली. ज्या विकारांत शरीराच्या अनावर हालचाली होतात किंवा घाम व अन्य स्राव प्रमाणाबाहेर होतात, त्यांत हे विष सूक्ष्म मात्रेत उपयोगी पडेल, असेही त्यांनी सुचविले होते. रोग जंतूंमुळे होतात हे सिद्ध होण्यापूर्वीच्या काळातील ही सूचना विशेष उल्लेखनीय होय.

जंतूचा शोध : डिसेंबर १८९५ मध्ये बेल्जियममधील एलझेल ह्या खेड्यात एका अंत्यविधीस वाजंत्री पथकातील ३४ जण आले होते. तेथे त्यांनी खारवलेले डुकराचे मांस खाल्ले. त्यांपैकी तिघे मृत्युमुखी पडले व सु. दहा जण मरणाच्या दारातून परतले. गेंट विद्यापीठातील प्राध्यापक एमिल व्हॅन एर्मेंगेम (१८५१–१९३२) यांच्याकडे तपासाचे काम आले. रॉबर्ट कॉख यांच्याकडे त्यांनी जंतुशास्त्राचे शिक्षण घेतले होते. त्याच डुकराचे इतर मांस खाणाऱ्यांना काही झाले नव्हते. घातक ठरलेला तुकडा मात्र मिठवणीच्या पिंपात तळाशी, हवेपासून दूर राहिला होता. ह्या मांसातून व मृताच्या शरीरातून त्यांनी ऑक्सिजन नसलेल्या ठिकाणीच वाढणारा एक जंतू वेगळा केला व त्यास बॅसिलस बॉट्युलिनस असे नाव दिले. १८९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात पुढील निष्कर्ष आहेत : आजार जंतूंच्या शरीरातील वाढीमुळे नसून अन्नात आधीच तयार झालेल्या विषामुळे होतो, हे विष पचनक्रियेत टिकते, परंतु उष्णतेने नष्ट होते, मिठाचे प्रमाण पुरेसे असल्यास ते तयार होत नाही. पुढे ह्या जंतूचा समावेश क्लॉस्ट्रिडियम ह्या वंशात करण्यात आला. धनुर्वाताचा जंतूही ह्याच वंशातील आहे [→ धनुर्वात].

विषाचे प्रकार : १९०४ मध्ये जर्मनीतील डार्मश्टाट येथे डबाबंद घेवड्याच्या दाण्यांमुळे विषबाधा झाली व हा धोका केवळ मांसापुरता मर्यादित नाही हे दिसून आले. १९१० मध्ये लॉइक्स यांनी एलझेल व डार्मश्टाट येथील जंतूंची तुलना केली. एका जंतूच्या विषाविरुद्ध तयार केलेले प्रतिविष दुसऱ्याच्या विषावर चालत नाही, असे त्यांना आढळले. उपचारांच्या दृष्टीने ही गोष्ट निर्णायक होती. १९१९ मध्ये जॉर्जिना बर्क यांनी ह्या प्रकारांना ए व बी अशी नावे दिली. १९२२ मध्ये अमेरिकेत आयडा बेंग्टसन व ऑस्ट्रेलियात सेडन यांनी सी प्रकार शोधला. दक्षिण आफ्रिकेत फॉस्फरसाच्या अभावी मेलेल्या जनावरांची हाडे चघळणाऱ्या गुरांमध्ये होणाऱ्या पक्षाघाताच्या अभ्यासातून डी प्रकार पुढे आला. माशांशी निगडित असलेला ई प्रकार १९३६ मध्ये ओळखण्यात आला. तो प्रशीतकातील थंडीतही वाढू शकतो. डेन्मार्कमध्ये एफ व अर्जेंटिनातील मातीत जी प्रकार आढळला. मनुष्यात विषबाधा मुख्यत्वे ए, बी व ई आणि क्वचित एफ ह्या प्रकारांमुळे होते. सी व डी हे प्रकार प्रामुख्याने पशुपक्ष्यांना घातक असतात.

डबाबंद अन्न व बीजुके : १९१९-२० मध्ये अमेरिकेत ओहायओ राज्यातील कँटन, तसेच डिट्रॉइट इ. शहरांत कॅलिफोर्नियातून आलेल्या काळ्या ऑलिव्ह फळांमुळे अनेकांचा मृत्यू झाला. ग्राहकांचा विश्वास उडाल्याने तेथील डबाबंद अन्नाचा उद्योगच संकटात सापडला. कॅलिफोर्निया विद्यापीठातील कार्ल फ्रीड्रिख मायर (१८८४–१९७४) यांच्या मार्गदर्शनाखाली ह्या प्रश्नाचा अभ्यास झाला. हा जंतू प्रतिकूल परिस्थितीत बीजुके तयार करतो. ही बीजुके मातीत सर्वत्र आढळतात व भाज्यांबरोबर स्वयंपाकघरात येतात. एस्टी व मायर यांनी १९२२ मध्ये असे दाखवून दिले की, ती उकळत्या पाण्यात कित्येक तास जिवंत राहू शकतात. त्यांच्या नाशासाठी दाबाखालील वाफेने सु. १२०° से. तापमान काही मिनिटे राखावे लागते. याउलट, तयार झालेले विष काही मिनिटे उकळल्यास नष्ट होते. पुरेशी आम्लता असलेल्या अन्नात जंतूची वाढ होत नाही. कॅलिफोर्नियात १९२५ मध्ये डबाबंदी कारखान्यांच्या तपासणीचा कायदा झाला. आज जगभर कमी आम्लतेच्या अन्नाच्या डबाबंदीचे नियम ह्याच संशोधनावर आधारलेले आहेत. त्यानंतर अमेरिकेतील अन्नजन्य प्रकरणांत घरी बंद केलेल्या बरण्यांचा वाटा मोठा राहिला.

विषाची क्रिया : दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हे विष शस्त्र म्हणून वापरले जाईल या भीतीने अमेरिकेत त्यावर लष्करी संशोधन झाले. १९४६ मध्ये लमाना व त्यांचे सहकारी यांनी ए प्रकारचे विष स्फटिकरूपात मिळविले. अशा शस्त्रांवर १९७२ च्या जैविक शस्त्रास्त्रविषयक आंतरराष्ट्रीय कराराने बंदी घातली. १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये बर्गन, डिकन्स व झॅटमन यांनी दाखवून दिले की, ह्या विषामुळे तंत्रिकेच्या टोकातून ॲसिटिलकोलीन ह्या संदेशवाहक द्रव्याचे विमोचन थांबते; स्नायू मात्र कार्यक्षम राहतो. विमोचन नेमके कशामुळे थांबते, हे कोडे १९९२-९३ मध्ये सुटले. इटलीतील स्कियाव्हो, माँतेकूको व त्यांचे सहकारी यांना असे आढळले की, बी प्रकारच्या विषाचा एक भाग जस्तयुक्त एंझाइम असून तो ॲसिटिलकोलीनच्या सूक्ष्म पिशव्या तंत्रिकेच्या पटलाशी जोडणाऱ्या यंत्रणेतील एक प्रथिन तोडतो. ए प्रकारचे विष त्याच यंत्रणेतील दुसरे प्रथिन तोडते, असे लवकरच सिद्ध झाले. एंझाइमाचा एक रेणू अनेक प्रथिनरेणू तोडू शकत असल्याने इतक्या अल्प मात्रेचा इतका मोठा परिणाम का होतो, याचा उलगडा झाला.

औषधी उपयोग : सॅन फ्रॅन्सिस्को येथील नेत्रवैद्य ॲलन स्कॉट तिरळेपणावर शस्त्रक्रियेऐवजी अन्य उपाय शोधीत होते. ओढ जास्त असलेला डोळ्याचा स्नायू तात्पुरता सैल करण्यासाठी त्यांनी हे विष निवडले. शुद्ध विष त्यांना एडवर्ड शांट्झ यांच्याकडून मिळाले. माकडांवरील निष्कर्ष १९७३ मध्ये व मनुष्यावरील १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. १९८९ मध्ये अमेरिकेत तिरळेपणा व पापण्यांचे अनैच्छिक आकुंचन यांसाठी औषधास मान्यता मिळाली. पुढे ते बोटॉक्स ह्या नावाने प्रसिद्धीस आले. मानेच्या स्नायूंचे आकुंचन, काखेतील अतिघाम व जुनाट अर्धशिशी यांवरही ते वापरले जाऊ लागले. चेहऱ्यावरील सुरकुत्यांसाठी होणारा उपयोग सर्वाधिक परिचित असला, तरी तो नंतरचा आहे. एका मात्रेचा परिणाम सामान्यतः तीन-चार महिने टिकतो. केर्नर यांची सूचना अशा रीतीने दीडशेहून अधिक वर्षांनी प्रत्यक्षात आली.

अर्भकांतील व अन्य प्रकार : विष अन्नातच तयार होते, हा व्हॅन एर्मेंगेम यांचा निष्कर्ष सर्व प्रकरणांना लागू नाही. १९४३ मध्ये जखमेत जंतू वाढून झालेला बॉट्युलिझम ओळखण्यात आला. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात असे आढळले की, अर्भकांच्या आतड्यात बीजुके रुजून तेथेच विष तयार होऊ शकते. मध हे अशा बीजुकांचे एक ज्ञात उगमस्थान असल्याने एक वर्षाखालील बालकास मध देऊ नये, असा सल्ला वैद्य देतात. बाळास मध चाटविण्याची चाल असलेल्या आपल्या समाजात तो विशेष ध्यानात ठेवण्यासारखा आहे. १९९६ मध्ये गुजरातेतील एका निवासी शाळेतील ३४ विद्यार्थ्यांना झालेल्या विषबाधेचा संबंध शेवेशी जोडण्यात आला. तेथे आढळलेला जंतू क्लॉस्ट्रिडियम ब्युटिरिकम हा होता व तो ई प्रकारचे विष निर्माण करीत होता. तात्पर्य, हे विष एकाच जातीच्या जंतूपुरते मर्यादित नाही.

उपचार : प्रतिविष रक्तात फिरणाऱ्या विषास निष्प्रभ करते, परंतु तंत्रिकेत शिरलेल्या विषावर त्याचा उपयोग होत नाही. म्हणून निदान लवकर होणे महत्त्वाचे असते. तंत्रिकेची टोके पुन्हा कार्यक्षम होईपर्यंत, प्रसंगी कित्येक आठवडे, रुग्णाचे श्वसन यंत्राच्या साहाय्याने चालू ठेवावे लागते. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सु. ६० टक्के रुग्ण दगावत. आता हे प्रमाण सु. ५ टक्क्यांपर्यंत किंवा त्याखाली आले आहे. ह्या घटीचे मोठे श्रेय कृत्रिम श्वसन व अतिदक्षता उपचार यांना आहे. फुगलेला डबा किंवा गळकी बरणी चव न घेता टाकून द्यावी. विषयुक्त अन्नाच्या वासात वा चवीत फरक जाणवेलच असे नाही.